हमी, इलेक्ट्रॉनीय उपभोग्य वस्तूंची

विकलेली वस्तू ठराविक काळ नीट चालेल आणि त्या काळात तीत दोष आढळल्यास तो दूर करून दिला जाईल, असे जे वचन उत्पादक किंवा विक्रेता ग्राहकास देतो, त्यास हमी असे म्हणतात. रेडिओ, दूरचित्रवाणी संच, ध्वनिमुद्रक, संगणक, भ्रमणध्वनी इ. इलेक्ट्रॉनीय वस्तूंच्या बाबतीत हे वचन बहुधा छापील हमीपत्राच्या रूपाने दिले जाते. हमीपत्रात वचनापेक्षा त्याच्या मर्यादांनाच अधिक जागा दिलेली असते. हमीची मुदत, तीतून वगळलेले भाग, वगळलेली कारणे आणि अखेरीस वाद उद्‌भवल्यास तो कोठे व कोणापुढे चालेल यासंबंधीचे कलम, असा त्याचा सर्वसाधारण क्रम असतो. ग्राहकाचे लक्ष मुदतीकडे जाते. परंतु हमीला कितपत अर्थ उरतो हे पुष्कळदा त्या शेवटच्या कलमावर अवलंबून राहिले आहे.

व्यवहारात ‘गॅरंटी’ म्हणजे वस्तू बदलून मिळणे आणि ‘वॉरंटी’ म्हणजे केवळ दुरुस्ती करून मिळणे, असा भेद दुकानदार व ग्राहक दोघेही करतात. कायद्याला हा भेद ठाऊक नाही. भारतीय करार अधिनियमात (१८७२) ‘गॅरंटी’ या शब्दाने जामिनकीचा करार अभिप्रेत आहे, तर मालविक्री अधिनियमात (१९३०) ‘वॉरंटी’ ही विक्रीकरारातील दुय्यम स्वरूपाची अट होय.

जुनी विधिपरंपरा : इंग्रजी विधीमध्ये ‘ग्राहकाने सावध राहावे’ हे तत्त्व दीर्घकाळ प्रमाण मानले जाई. १६०३ मध्ये इंग्लंडमध्ये निकालात निघालेला चँडेलर विरुद्ध लोपस हा खटला या दृष्टीने प्रसिद्ध आहे. एका सोनाराने बेझोअर म्हणून एक खडा शंभर पौंडांस विकला. प्राण्यांच्या पोटात तयार होणारा, आपल्याकडील गोरोचनाशी साधर्म्य असलेला हा खडा विषावर उतारा म्हणून त्या काळी मोलाचा समजला जात असे. खडा खोटा निघाला. परंतु सोनाराने तो बेझोअर असल्याचे नुसते सांगितले होते, त्याची हमी दिली नव्हती, म्हणून खरेदीदाराचा दावा टिकला नाही. बाजारात वस्तू हाताळून, वाजवून, हुंगून घेता येत होती, तोपर्यंत हे तत्त्व निदान समजण्यासारखे होते. कारखानदारीच्या वाढीबरोबर ते अवघड होत गेले.

एकोणिसाव्या शतकात न्यायालयांनी हळूहळू काही अटी करारात गर्भित असल्याचे मानण्यास प्रारंभ केला आणि १८९३ च्या इंग्लिश मालविक्री कायद्याने त्यांना संहितेचे रूप दिले. भारतात मालविक्रीसंबंधीच्या तरतुदी प्रथम करार अधिनियमाच्या सातव्या प्रकरणात होत्या. ते प्रकरण रद्द करून १ जुलै १९३० पासून मालविक्री अधिनियम अंमलात आला व तो मुख्यतः १८९३ च्या कायद्यावर बेतलेला होता. त्यातील कलम १६ प्रमाणे, त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्या विक्रेत्याकडून वर्णनावरून माल घेतला असता तो विक्रीयोग्य गुणवत्तेचा असला पाहिजे, अशी गर्भित शर्त असते. मात्र ग्राहकाने माल तपासला असेल, तर तपासणीत जो दोष दिसून यावयास हवा होता त्याबद्दल ही शर्त लागू होत नाही.

या अधिनियमातील दोन तरतुदी पुढे ग्राहकास विशेष जाचक ठरल्या. पहिली शर्त आणि हमी यांमधील भेदासंबंधीची होय. शर्त मोडल्यास माल नाकारता येतो. हमी मोडल्यास केवळ नुकसानभरपाई मागता येते. शिवाय माल एकदा स्वीकारला, की शर्तीचा भंगही सामान्यतः हमीच्या भंगाप्रमाणे गणला जातो. दूरचित्रवाणी संच घरी नेऊन काही आठवडे वापरल्यानंतर त्यातील दोष कळून येतो. पण वाजवी मुदत उलटून गेल्यावर कायद्याच्या दृष्टीने माल स्वीकारला गेलेला असतो. दुसरी तरतूद कलम ६२ मधील होय. तीनुसार उभयपक्षी स्पष्ट करार करून गर्भित शर्ती व हम्या वगळता येतात. समान बळाच्या दोन व्यापाऱ्यांमधील व्यवहार डोळ्यांपुढे ठेवून केलेली ही तरतूद, छापील हमीपत्राच्या युगात एका पक्षाच्या हाती गेली. ‘या हमीखेरीज अन्य कोणतीही व्यक्त अथवा गर्भित हमी नाही’ हे हमीपत्रांतील सर्वपरिचित वाक्य या तरतुदीचेच अपत्य आहे.

इलेक्ट्रॉनीय वस्तू आणि हमीपत्र : या वस्तूंमधील दोष बाहेरून दिसत नाही. निर्वात नलिका, संधारित्र, डाख दिलेला जोड किंवा संकलित मंडल यांची परीक्षा दुकानात करणे ग्राहकास अशक्य असते. या वस्तूंच्या बिघाडाचेही एक वैशिष्ट्य आहे. एकाच जातीच्या अनेक संचांमधील बिघाडांचे प्रमाण कालानुसार मांडले, तर मिळणारा आलेख न्हाणीच्या टबाच्या उभ्या छेदासारखा दिसतो. प्रारंभी सदोष घटकांमुळे बिघाड अधिक, नंतर दीर्घकाळ अत्यल्प आणि अखेरीस झिजेमुळे पुन्हा वाढते, असे त्याचे तीन भाग पडतात. अल्प मुदतीची हमी यांपैकी पहिल्या भागाची जबाबदारी घेते आणि तिसरा भाग ग्राहकावर सोपविते. उत्पादकाच्या दृष्टीने हा हिशेब वाजवी असला, तरी तो ग्राहकास सहसा सांगितला जात नाही.

दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात अमेरिकेतील रेडिओसंचांबरोबर ९० दिवसांची हमी देण्याचा प्रघात पडला. दूरचित्रवाणी संच आल्यावर सुट्या भागांसाठी एक मुदत, मजुरीसाठी त्याहून कमी मुदत आणि चित्रनलिकेसाठी निराळी मुदत, अशी विभागणी रूढ झाली. त्यामुळे भाग विनामूल्य मिळाला, तरी तो बसविण्याची मजुरी व संच नेण्या-आणण्याचा खर्च ग्राहकावर पडे. भारतातील हमीपत्रांत विद्युत् दाबातील चढउतार, उंदरांनी तारा कुरतडणे, अनधिकृत कारागिराकडून दुरुस्ती, अनुक्रमांक पुसला जाणे आणि विक्रेत्याचा शिक्का व सही नसणे, ही हमी रद्द होण्याची कारणे नेहमी आढळतात. यांपैकी शेवटच्या कारणात ग्राहकाचा दोष नसतो. तरीही त्याचे परिणाम त्यालाच भोगावे लागत आले आहेत. विद्युत् दाब स्थिर नसणे ही तर देशाच्या मोठ्या भागातील नित्याचीच अवस्था होती. तिच्यावर उपाय म्हणून घरोघरी दूरचित्रवाणी संच व प्रशीतक यांना स्थिरक जोडण्याची पद्धत पडली व त्या स्थिरकाबरोबर आणखी एक हमीपत्र येऊ लागले.

कारणे वगळण्याच्या या प्रवृत्तीला पुढे तांत्रिक साधनांचीही जोड मिळाली. भ्रमणध्वनीमध्ये पाण्याच्या स्पर्शाने रंग पालटणारी पट्टी बसवून, रंग पालटलेला आढळल्यास हमी नाकारण्यात येई. दमट हवेनेही रंग पालटू शकतो, अशी तक्रार अमेरिकेतील ग्राहकांनी सामुदायिक दाव्यात केली आणि ॲपल कंपनीने २०१३ मध्ये ५ कोटी ३० लक्ष डॉलरची तडजोड मान्य केली. ‘मोहोर तोडल्यास हमी रद्द’ अशा चिठ्ठ्यांबाबत तेथील संघीय व्यापार आयोगाने २०१८ मध्ये सहा कंपन्यांना ताकीदपत्रे पाठविली.

अमेरिकेतील वाटचाल : हमीच्या मर्यादांना न्यायालयाने दिलेला पहिला मोठा धक्का मोटारगाडीच्या प्रकरणातील आहे; परंतु त्याचे परिणाम सर्वच टिकाऊ उपभोग्य वस्तूंवर झाले. हेनिंग्‌सन विरुद्ध ब्लूमफील्ड मोटर्स (१९६०) या खटल्यात गाडीबरोबर ९० दिवस किंवा ४,००० मैल, यांपैकी जे आधी संपेल तोवरची आणि फक्त सदोष भाग बदलून देण्यापुरती हमी होती. सर्व प्रमुख मोटार-उत्पादकांचे हमीपत्र एकाच नमुन्याचे असल्याने ग्राहकास निवडीला वावच नव्हता. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने इतर सर्व जबाबदारी झटकणारे कलम लोकहितविरोधी म्हणून निरर्थक ठरविले. ज्याला ‘नाही’ म्हणण्याची सोय नाही त्याचे ‘होय’ कितपत खरे मानावे, हा प्रश्न या निर्णयाने विधिचर्चेत कायमचा आणून सोडला.

१९७५ मध्ये अमेरिकेत मॅग्नुसन-मॉस हमी अधिनियम संमत झाला. या अधिनियमाने लेखी हमी देण्याची सक्ती केली नाही. परंतु दिल्यास ती सुबोध भाषेत असावी आणि १० डॉलरपेक्षा अधिक किंमतीच्या वस्तूंवरील हमी ‘पूर्ण’ की ‘मर्यादित’ हे स्पष्ट लिहावे, असा दंडक घातला. लेखी हमी देणाऱ्यास गर्भित हम्या सर्वस्वी नाकारता येईनाशा झाल्या. मात्र ‘मर्यादित’ हमीत त्यांचा काळ लेखी हमीच्या काळाइतका आखडता घेण्याची मुभा राहिली. बाजारातील बहुतेक हम्या ‘मर्यादित’च निघाल्या, यात नवल नाही. विशिष्ट कंपनीचेच सुटे भाग वापरण्याची अट हमीला जोडण्यासही या अधिनियमाने सामान्यतः मनाई केली. वाद मिटविण्यासाठी कंपन्यांनी अनौपचारिक यंत्रणा उभाराव्यात, असे त्यात सुचविले होते. संघीय व्यापार आयोगाच्या नियमांनुसार अशा यंत्रणेने ४० दिवसांत निर्णय द्यावयाचा असून तो ग्राहकावर बंधनकारक नसतो. समाधान न झाल्यास न्यायालयाची वाट मोकळी राहते.

ही वाट लवादाच्या कलमाने अरुंद केली. १९२५ चा संघीय लवाद अधिनियम करारात नमूद केलेल्या लवादास न्यायालयांनी मान द्यावा यासाठी करण्यात आला होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस तो ग्राहककरारांना सर्रास लावला जाऊ लागला. हिल विरुद्ध गेटवे २००० (१९९७) हे त्याचे ठळक उदाहरण होय. एका दांपत्याने दूरध्वनीवरून संगणक मागविला. खोक्यात संगणकाबरोबर अटींचा कागद होता आणि ३० दिवसांत संगणक परत न केल्यास त्या अटी मान्य समजल्या जातील, असे त्यावर छापले होते. त्या अटींत लवादाचे कलम होते. पैसे आधी देऊन अटी नंतर हाती पडल्या, तरी वस्तू ठेवून घेतल्याने करार पुरा झाला, असे सातव्या प्रभागाच्या अपील न्यायालयाने म्हटले. पुढील वर्षी न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयासमोर त्याच कंपनीच्या त्याच कलमाची दुसरी बाजू उघड झाली. कलमात नेमलेल्या आंतरराष्ट्रीय लवादसंस्थेकडे दाद मागण्यासाठी ४,००० डॉलर आगाऊ भरावे लागत. त्यांपैकी २,००० डॉलर, ग्राहक जिंकला तरी, परत मिळत नसत. कंपनीच्या बहुतेक संगणकांची किंमत ४,००० डॉलरहून कमी होती. लवादाची फी वस्तूच्या किंमतीहून अधिक ठेवणारी ही योजना न्यायालयाने अन्यायकारक ठरविली. परंतु लवादाचे तत्त्व मात्र मान्यच केले.

हमीसंबंधीच्या वादांत बंधनकारक लवादाची सक्ती मॅग्नुसन-मॉस अधिनियमाशी विसंगत आहे, असे संघीय व्यापार आयोगाचे मत होते. २००२ मध्ये दोन संघीय अपील न्यायालयांनी ते अमान्य केले. २०११ मध्ये एटी अँड टी मोबिलिटी विरुद्ध कन्सेप्शन या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लवादाच्या कलमाद्वारे सामुदायिक दाव्यांना केलेली मनाईही पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरली. ‘मोफत’ म्हणून दिलेल्या भ्रमणध्वनींवर आकारलेल्या ३०.२२ डॉलर विक्रीकरावरून हा वाद निर्माण झाला होता. एवढ्या रकमेसाठी एकटा मनुष्य सहसा भांडत नाही. म्हणून एकत्र भांडण्याचा मार्ग बंद झाल्यास हक्क कागदोपत्रीच उरतो, ही अल्पमतातील न्यायमूर्तींची भूमिका होती.

यूरोपातील धोरण : यूरोपात मर्यादांचा प्रश्न करारावर फारसा सोपविला गेला नाही. ब्रिटनमध्ये १९७३ च्या कायद्याने ग्राहकविक्रीत गर्भित अटी वगळण्यास बंदी केली. यूरोपीय संघाच्या १९९९ च्या निदेशाने विक्रेत्यावर दोन वर्षांची वैधानिक जबाबदारी टाकली आणि पहिल्या सहा महिन्यांत दिसून आलेला दोष मुळातच होता असे गृहीत धरण्याचा नियम केला. २०१९ च्या नव्या निदेशाने, जो १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला, हा गृहीतकाचा काळ एक वर्षावर नेला. वैधानिक जबाबदारी असूनही ती ग्राहकास ठाऊक नसली, तर कंपनीची अल्प मुदतीची हमी तिची जागा घेते. दोन वर्षांच्या हक्काची नीट माहिती न देता स्वतःची वाढीव हमी विकल्याबद्दल इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०११ मध्ये ॲपल समूहास ९ लक्ष यूरो दंड केला.

भारत : भारतात ग्राहकचळवळीने मूळ धरले, तेव्हा तिच्यापुढे प्रामुख्याने भेसळ, वजनमाप आणि टंचाई हे प्रश्न होते. मुंबईत १९६६ मध्ये कन्झ्यूमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काही महिलांच्या पुढाकाराने स्थापन झाली. बिंदुमाधव जोशी यांनी सुरू केलेल्या ग्राहक पंचायतीचे काम सत्तरीच्या दशकात पुण्यात व मुंबईत उभे राहिले. इलेक्ट्रॉनीय वस्तूंच्या तक्रारी मोठ्या संख्येने येऊ लागल्या त्या १९८२ नंतर. त्या वर्षी रंगीत दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण सुरू झाले, दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या आणि संच ही मध्यमवर्गीय घरातील मोठी खरेदी ठरली.

तोपर्यंत सदोष संचाबद्दल दाद मागावयाची, तर दिवाणी न्यायालयात वकील देऊन, न्यायशुल्क भरून दावा लावावा लागे. त्यातच ‘सर्व वाद अमुक शहराच्या न्यायकक्षेच्या अधीन’ असा मजकूर पावतीवर छापलेला असे. मुंबईच्या पेढीकडून संच घेतलेल्या नागपूरच्या किंवा कोल्हापूरच्या ग्राहकास एवढ्या एका ओळीने गप्प बसविता येई. दोन न्यायालयांना अधिकार असल्यास करारान्वये त्यांपैकी एक निवडता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९७१ चा निर्णय होता. त्याचा लाभ ज्याच्या छापखान्यात पावती छापली जाई त्यालाच मिळे. विधी आयोगाने आपल्या १०३ व्या अहवालात (१९८४) करारातील अन्यायी कलमे रद्द ठरविण्याचा अधिकार न्यायालयांना द्यावा, अशी शिफारस केली. ती कायद्यात उतरली नाही. त्याच वर्षी मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा अधिनियमात दुरुस्ती होऊन, पुरेशा चाचणीच्या आधाराशिवाय वस्तूच्या टिकाऊपणाची हमी देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविण्यात आली.

संयुक्त राष्ट्रांनी एप्रिल १९८५ मध्ये ग्राहकसंरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. भारताचा ग्राहकसंरक्षण अधिनियम २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींच्या संमतीने झाला. त्याने जिल्हा, राज्य व राष्ट्रीय अशी त्रिस्तरीय यंत्रणा निर्माण केली. जिल्हा मंचापुढे प्रारंभी एक लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी येत. वकिलाची आवश्यकता नव्हती आणि सुरुवातीस शुल्कही नव्हते. दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, किंमत परत करणे व नुकसानभरपाई देणे, असे चारही आदेश मंचास देता येत. शर्त आणि हमी यांच्या जुन्या भेदातून सुटण्याची वाट त्यामुळे मिळाली. इलेक्ट्रॉनीय वस्तूंच्या दृष्टीने आणखी एक तरतूद मोलाची होती. पाहून न कळणारा दोष असल्यास मंचाने वस्तू मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावी व प्रयोगशाळेने ४५ दिवसांत अहवाल द्यावा, असे त्यात म्हटले होते. प्रयोगशाळेचे शुल्क मात्र प्रथम तक्रारदाराने भरावयाचे असल्याने, हजार-दोन हजारांच्या वस्तूंसाठी ही सोय क्वचितच वापरली जाई.

अधिनियमाच्या कलम ३ मध्ये, यातील उपाय इतर कायद्यांतील उपायांना पूरक आहेत, त्यांना बाधक नाहीत, असे म्हटले होते. या लहानशा कलमामुळे भारताची वाट अमेरिकेहून वेगळी झाली. फेअर एअर इंजिनिअर्स कंपनीच्या खटल्यात (१९९६) सर्वोच्च न्यायालयाने करारात लवादाचे कलम असले तरी ग्राहकमंचाचा अधिकार जात नाही, असे ठरविले. लवाद अधिनियमात २०१५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने हा प्रश्न पुन्हा उपस्थित केला. घरबांधणी व्यवसायातील एमार एमजीएफ कंपनीच्या प्रकरणात डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीचीच भूमिका कायम केली. त्यामुळे खोक्यातील कागदावर लवादाची अट छापून भारतीय ग्राहकास आयोगाच्या दारातून परत पाठविता येत नाही.

दार उघडे असले, तरी हमीपत्रातील शब्दांचे बळ संपले नाही. एका मोटारगाडीच्या प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, हमी जर सदोष भाग बदलून देण्यापुरती असेल तर संपूर्ण वाहन बदलून देण्याचा आदेश देता येणार नाही, असे म्हटले. ग्राहकास नुकसानभरपाई मिळाली. या निर्णयाचा आधार दूरचित्रवाणी संच, प्रशीतक व भ्रमणध्वनी यांच्या उत्पादकांनीही वारंवार घेतला आहे. दुरुस्ती अनेकदा करूनही दोष कायम राहिल्यास तो उत्पादनदोष समजावा, असे अनेक आयोगांनी मानले. पण त्यासाठी तज्ज्ञाचा पुरावा हवा, असे उत्तर त्यावर दिले जाते. सेवाकेंद्रात दिल्या जाणाऱ्या कामपत्रिका जपून ठेवणारा ग्राहकच या वादात तग धरतो. मुदतीचा प्रश्नही असाच आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी, हा नियम १९९३ पासून आहे. करारात याहून कमी मुदत घालून हक्क बुडविण्याची पद्धत १९९७ मध्ये करार अधिनियमाच्या कलम २८ मधील दुरुस्तीने निरर्थक ठरविली.

२०१९ चा ग्राहकसंरक्षण अधिनियम २० जुलै २०२० पासून अंमलात येऊ लागला. त्यान्वये ग्राहकास स्वतः राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. पावतीवरील न्यायकक्षेच्या ओळीचा दरारा त्यामुळे बराच ओसरला. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या वस्तूंसाठी तक्रारीस शुल्क नाही. उत्पादनदायित्वाच्या नव्या प्रकरणानुसार वस्तू व्यक्त हमीनुरूप नसल्यास, तिच्यामुळे झालेल्या हानीबद्दल उत्पादक जबाबदार राहतो. हमी देताना आपण निष्काळजीपणा वा लबाडी केली नाही, हा बचाव त्यास करता येत नाही. आयोगांना जोडून मध्यस्थीकक्षही स्थापण्यात आले. लवादाप्रमाणे येथे निर्णय लादला जात नाही. तडजोड न झाल्यास तक्रार पुढे चालते.

विधी आयोगाने १९८४ मध्ये मागितलेला, अन्यायी कराराची कलमे रद्द करण्याचा अधिकारही या अधिनियमात अखेर आला. तो मात्र राज्य व राष्ट्रीय आयोगांनाच दिलेला आहे. वस्तू सदोष असल्याची तक्रार ग्राहक आपल्या जिल्ह्यात करू शकतो. हमीपत्रातील अटच अन्यायकारक आहे असे ठरवून घ्यावयाचे असल्यास, दहा हजारांच्या भ्रमणध्वनीसाठीही त्यास राज्य आयोगापर्यंत जावे लागते. अनधिकृत दुरुस्तीमुळे हमी रद्द करण्याच्या अटींसंबंधी केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काबाबत समिती नेमली व त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहकदिनी, दुरुस्ती, सुटे भाग व हमी यांची माहिती एकत्र देणारे संकेतस्थळ सुरू केले.